दुखणे हरवलेल्यांचे बाबा



दर जानेवारीत ३० तारखेच्या निमित्ताने आम्ही या पानावर गांधीजींविषयी काही लिहितो. हाच दिवस आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळला जातो, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून यंदा चरित्रासाठी गांधीजींच्याच वाटेवरचे, पण त्यांच्याहून पंचेचाळीस वर्षांनी लहान असलेले एक नाव घेतले आहे. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे. मोठ्यांना ते परिचित आहेत. मुलांना आनंदवन हे नाव माहीत असते, कोणी हेमलकशावरचा चित्रपट पाहिलेला असतो, त्यापलीकडे फारसे नाही. शिवाय विज्ञानाच्या तासाला ज्या एका पेशीचे नाव घेताच वर्गात हशा पिकतो, तिचा आणि बाबांच्या आयुष्याचा फार जवळचा संबंध आहे. तोही आम्हाला सांगायचा आहे.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. वडील देवीदासपंत इंग्रजी अमलात सरकारी अधिकारी, घरची मोठी जमीनदारी, आणि आठ भावंडांत मुरलीधर थोरले. बाबा हे नाव लोकांनी मागाहून आदराने दिलेले नाही, ते घरचे लाडाचे नाव आहे. चौदाव्या वर्षी हातात स्वतःची बंदूक आली आणि रानडुकरांची, हरणांची शिकार सुरू झाली. पुढे सिंगर कंपनीची मोटार आली, तिच्या गाद्यांना बिबट्याचे कातडे. इंग्रजी सिनेमाचे वेड इतके, की पिक्चरगोअर नावाच्या मासिकात ते परीक्षणे लिहीत आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर या हॉलिवूडच्या नट्यांशी पत्रव्यवहार करीत. हे वाचून पालकांनी निश्चिंत व्हावे असे आम्ही म्हणणार नाही. पण सदा मोबाइलवर सिनेमे पाहणाऱ्या मुलाविषयी अगदीच निराश होण्याचेही कारण नाही.

वकिलीची पदवी घेऊन बाबा वरोरा येथे वकिली करू लागले. वरोरा हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. सेवाग्राम तेथून फार लांब नाही आणि गांधीजींचा प्रभाव त्या सगळ्या मुलखावर होता. बाबा तिकडे ओढले गेले, खादी आली, मोटार आणि शिकार मागे पडली. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्या पुढाऱ्यांच्या बचावासाठी त्यांनी वकिलांना एकत्र केले आणि स्वतःही तुरुंगात गेले. पुढे वरोरा नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. तेथील सफाई कामगारांची संघटना त्यांनी उभी केली, आणि हे काम काय असते ते तुम्हाला काय कळणार, असे कोणी म्हणू नये म्हणून काही महिने स्वतः डोक्यावरून मैल्याच्या टोपल्या वाहिल्या. जमीनदाराच्या घरचा वकील मुलगा हे करतो म्हटल्यावर गावात काय बोलले गेले असेल, याची कल्पना जुन्या लोकांना येईल.

याच काळातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. रेल्वेच्या डब्यात काही गोरे सोजीर एका नवविवाहित मुलीची छेड काढीत होते आणि बाकीचे प्रवासी खाली माना घालून बसले होते. बाबा एकटे पुढे झाले, त्यांनी मार खाल्ला, पण मागे हटले नाहीत. गांधीजींच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी बाबांना अभयसाधक असे नाव दिले. १९४६ च्या डिसेंबरात नागपूरच्या घुलेशास्त्री घराण्यातील इंदू यांच्याशी बाबांचा विवाह झाला. याच पुढे साधनाताई. शास्त्री-पंडितांच्या सोवळ्या घरातून आलेल्या या मुलीने पुढे जे पाहिले आणि जे केले, ते बाबांच्या कामाहून कमी नाही असे आमचे मत आहे. समिधा या त्यांच्या आत्मकथनात ते सर्व सविस्तर आले आहे. माध्यमिक वर्गातील मुलामुलींनी ते सुट्टीत अवश्य वाचावे.

तर असा हा निर्भय गृहस्थ एका पावसाळी संध्याकाळी वरोऱ्याच्या रस्त्याने जात होता. गटाराच्या कडेला काहीतरी गाठोड्यासारखे पडलेले दिसले. जवळ गेल्यावर कळले की तो माणूस आहे. हातापायांना बोटे नाहीत, जखमांत किडे झालेले, अंगावर पाऊस पडतो आहे आणि तरी तो जिवंत आहे. त्याचे नाव तुळशीराम. बाबा घाबरले आणि घरी पळून गेले. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. सोजिरांना न भ्यालेला मनुष्य एका मरणाऱ्या रोग्याला भ्याला, याचा त्यांना विलक्षण त्रास झाला. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले, त्याच्या जखमा धुतल्या. तुळशीराम फार दिवस जगला नाही. पण बाबांच्या डोक्यातून तो गेला नाही.

आता आमच्या आठवीच्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारलेला प्रश्न येथे घेतो. कुष्ठरोग जर त्वचेचा रोग आहे, तर तुळशीरामची बोटे कुठे गेली? प्रश्न उत्तम आहे. उत्तरासाठी थोडे शरीरात शिरावे लागेल.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो. आमच्या पुस्तकात तंत्रिका होती, मराठीत तिला मज्जातंतू म्हणतात हे पुढे कळले. या मज्जातंतूंना लागूनच, त्यांना सांभाळणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने (१८१०–१८८२) त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना श्वान पेशी म्हणतात. वर्गात हशा पिकतो तो येथेच. श्वान हे आडनाव आहे, त्याचा कुत्र्याशी काही संबंध नाही, हे आमच्या विज्ञानाच्या बाई दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी मुले हसतात. मात्र राखण करणे हे काम दोघांनाही लागू पडते.

या पेशी दोन तऱ्हांनी काम करतात. जाड तंतूभोवती एक श्वान पेशी स्वतःला अनेक वेढ्यांनी गुंडाळून घेते. सुरळीच्या वडीचा थर गुंडाळतात ना, अगदी तसे. या वेढ्यांमुळे संदेश वेगाने धावतो. दुसऱ्या प्रकारात एकच पेशी आपल्या घड्यांमध्ये अनेक बारीक तंतू सांभाळते, जशी एका दुलईत चार भावंडे निजावीत. चटका, गारवा, टोचणी, वेदना यांच्या बातम्या नेणारे बरेचसे तंतू या बारीक जातीचे असतात. आपल्या त्वचेत त्यांचे जाळेच पसरलेले आहे. पूर्वी समजत की श्वान पेशी केवळ सांभाळ करतात, जाणण्याचे काम तंतूंचे. पण २०१९ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या त्वचेत असे दाखवले की पृष्ठभागाच्या जरा खाली असलेल्या काही विशेष श्वान पेशी टोचणी स्वतःच जाणतात आणि तंतूला कळवतात. तंतू तुटला तर याच पेशी आपले रूप बदलतात, मोडतोड साफ करतात आणि नव्या तंतूला वाट दाखवतात. त्वचेची जखम भरून येण्यातही त्यांचा हातभार असतो, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले आहे.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी शोधला. हा जंतू नेमका या राखणदारांच्याच घरात शिरतो. त्याच्या मेणचट कवचावर असे द्रव्य असते की ते श्वान पेशीच्या बाहेरील आवरणाला जाऊन चिकटते. आत गेला की तो अगदी सावकाश वाढतो. इतर कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यावर रोग दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. त्याला शरीरातली थंड ठिकाणे आवडतात: कानाची पाळी, नाक, त्वचा, आणि जेथे मज्जातंतू त्वचेच्या अगदी जवळून जातो त्या जागा. कोपर कोठे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तो तंतू मुलांना चांगला माहीत असतो. कुष्ठरोगात तोच बहुधा सुजतो आणि मग करंगळी व अनामिका वाकड्या होऊन राहतात. एडिंबरो येथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली उंदरांच्या पेशींवर काम करून दाखवले की हा जंतू श्वान पेशीचे रूप बदलण्याचे कसबही आपल्या कामाला लावतो. तिला पार बाल्यावस्थेत नेतो आणि तिच्याबरोबर शरीरात पसरतो. घरातल्याच चाव्यांनी घर लुटावे, तसा हा प्रकार आहे.

राखणदार गेला की तंतू मरतो. त्यात शरीराची स्वतःची जंतूविरोधी लढाईही पुष्कळ नासधूस करते. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, त्या जागी घाम येत नाही, आणि मुख्य म्हणजे तेथे काही लागत नाही. गरम तवा लागत नाही, चपलेतला खिळा लागत नाही, रात्री उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही. जखम होते, ती चिघळते, हाड झिजते, पुन्हा त्याच जागी जखम होते. बोटे जंतू खात नाही. वेदना नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही, आणि लक्ष दिले नाही म्हणून बोटे जातात. वेल्लोरचे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत हे पुष्कळ रुग्णांचे हात तपासून सिद्ध केले. तुळशीरामची बोटे अशीच गेली असणार.

सराफ्यात रात्री जिलेबी खाणाऱ्या आमच्या पालकांसाठी एक वाक्य जास्तीचे. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली तर तिचा मारही या तंतूंवर आणि श्वान पेशींवर बसतो. म्हणून मधुमेह झालेल्यांना डॉक्टर रोज तळपाय पाहायला सांगतात.

पुन्हा बाबांकडे येऊ. तुळशीरामनंतर त्यांनी या रोगाविषयी मिळेल ते वाचले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठधाम चालवले होते, तेथे जाऊन काम पाहिले. महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन झाली. मग कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. वकील मनुष्य डॉक्टरांमध्ये बसून शिकला.

तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. कुष्ठरोगाचा जंतू काचेच्या नळीत वाढवता येत नाही. तेव्हा येत नव्हता आणि आजही येत नाही. जंतू वाढवता येत नाही म्हणून औषधे पारखणे कठीण. उंदराच्या तळपायात तो थोडाफार वाढतो हे १९६० साली कळले आणि आर्माडिलो नावाच्या अमेरिकेतील खवलेवाल्या प्राण्यात वाढतो हे १९७१ साली. आर्माडिलोचे अंग आपल्याहून थंड असते, त्यामुळे जंतूला ते मानवते. १९५० च्या सुमारास यातले काहीच हाती नव्हते. माणसाच्या शरीरात तो वाढवून पाहावा, असा विचार पुढे आला तेव्हा बाबांनी स्वतःचे शरीर देऊ केले. त्यांना जंतू टोचले गेले. घरी तरुण पत्नी आणि विकास, प्रकाश ही दोन तान्ही मुले. बाबांना रोग झाला नाही. त्याचे कारण आज आपण जाणतो: शंभरातील सुमारे पंचाण्णव माणसांच्या शरीरात या जंतूला रोखण्याची शक्ती उपजतच असते. पण बाबांना ते टोचून घेताना माहीत नव्हते. हे धाडस योग्य होते की नाही यावर आमच्या शिक्षककक्षात एकदा बराच वाद झाला होता. आमचे स्वतःचे मत असे की बापाने असे करू नये, आणि तरीही ज्याने केले त्याच्यापुढे आपण बोलू नये.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळ सरकारने दिलेल्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन सुरू झाले. उद्घाटन विनोबा भावे यांनी केले. भांडवल चौदा रुपये. मंडळी म्हणजे बाबा, साधनाताई, दोन मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा. (मुले येथे पुन्हा हसणार, ते आम्ही गृहीत धरले आहे.) साप-विंचू भरपूर, पाणी नाही. म्हणून पहिले काम विहीर खणण्याचे. ज्यांच्या हाताला बोटे नाहीत किंवा असून वाकलेली आहेत, त्यांनीच ती खणली.

येथे बाबांनी जे ओळखले ते फार महत्त्वाचे आहे. तोवर कुष्ठरोग्याला भीक मिळे किंवा दया मिळे. आमच्या लहानपणी राजवाड्यासमोर, गोपाळ मंदिराच्या बाजूला असे लोक चिंध्या बांधलेल्या हातांनी बसलेले असत. आमच्या हातून त्यांच्या डब्यात पैसे टाकवले जात ते वरूनच, हात लागणार नाही अशा बेताने. बाबांनी भीक आणि दया दोन्ही बंद केल्या आणि काम दिले. वेदना न कळणाऱ्या हाताला डोळ्यांनी जपायचे, रोज हातपाय पाहायचे, जखम दिसली की लगेच धुऊन बांधायची, आणि त्याच हाताने शेत करायचे. डॅप्सोन नावाचे औषध तोवर आपल्याकडे मिळू लागले होते, त्यामुळे रोग थांबवणे शक्य होते. बाबा आसपासच्या खेड्यांतही जाऊन रुग्ण तपासत आणि औषध देत.

शेतात भाजी पिकली. गावात ती कोणी घेईना. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी कशी खायची? मग सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांबरोबर इमारती बांधल्या आणि तेथलेच अन्न खाल्ले. गोरी मुले खातात आणि त्यांना काही होत नाही, असे पाहिल्यावर वरोऱ्याचे लोक भाजी घेऊ लागले. स्वतःच्या गावच्या वकिलाने अंगावर जंतू टोचून घेतले ते पुरेसे झाले नाही, परदेशी पाहुणे यावे लागले. याची आम्हाला थोडी गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

पुढे १९६४ च्या सुमारास आनंदवनाने महाविद्यालय काढले, नंतर कृषी महाविद्यालय काढले. आनंद निकेतन हे नाव. ते रुग्णांच्या मुलांपुरते नव्हते, वरोऱ्याच्या आणि आसपासच्या सगळ्या मुलांसाठी होते. ज्यांना गाव आपल्या शाळेच्या पायरीवर उभे करीत नव्हते, त्यांनी गावाच्या मुलांसाठी कॉलेज बांधले. आमच्या विश्वस्त मंडळींना इमारत निधीच्या बैठकीत आम्ही हे एकदा सांगितले आहे, आता लेखी देतो.

आनंदवन वाढत गेले. सोमनाथ, नागपूरजवळचे अशोकवन, आणि १९७३ च्या डिसेंबरात गडचिरोलीच्या जंगलातील हेमलकसा. हेमलकशाचे काम प्रकाशभाऊ आणि मंदाताईंनी वाढवले, आनंदवनाचे विकासभाऊ आणि भारतीताईंनी. ते स्वतंत्र लेखाचे विषय आहेत.

बाबांच्या स्वतःच्या शरीराविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. मणक्यांच्या आजाराने त्यांना पन्नाशीनंतर बसणे अशक्य झाले. ते उभे राहत किंवा आडवे पडत, मधले काही नाही. मणक्यांत दबलेले मज्जातंतू अहोरात्र ठणकत. ज्यांना काहीच लागत नव्हते अशा हजारो माणसांमध्ये, ज्याला सतत लागत होते असा हा माणूस राहिला. याच अवस्थेत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. तरुण मुले-मुली सायकलींवर आणि बाबा गाडीत पलंगावर आडवे. १९८८ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलातील इटानगरहून गुजरातच्या ओख्याकडे निघाली. सन्मान पुष्कळ आले: १९७१ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये मॅगसेसे, १९८६ मध्ये पद्मविभूषण, १९९० मध्ये टेम्पलटन, १९९९ मध्ये गांधी शांती पुरस्कार. मधल्या काळात, १९९१ साली, नर्मदाकाठच्या आदिवासींना मिळालेल्या वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनी पद्म सन्मान परतही केले.

नर्मदेचा उल्लेख आला म्हणजे बाबा आपल्या अंगणात आले. १९९० मध्ये त्यांनी आणि साधनाताईंनी आनंदवन सोडले आणि बडवानीजवळ नर्मदाकाठी कसरावद येथे झोपडीवजा घर करून ते राहू लागले. खरगोनकडचे मोठे कसरावद ते हे नव्हे, हे छोटे. आपल्या राजवाड्यावरून निघून खलघाटचा पूल ओलांडून ठीकरी, अंजडमार्गे गेले तर सुमारे दीडशे किलोमीटर. तेथे ते जवळजवळ दहा वर्षे राहिले, सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांच्या बाजूने. आमच्या शहरात याविषयी तेव्हाही दोन मते होती आणि अजून आहेत. इंदूर १९७८ पासून जलूदहून येणारे नर्मदेचेच पाणी पिते, त्यामुळे आपल्याला या वादात साळसूदपणे बोलता येत नाही. बाबांच्या मनासारखे तेथे झाले नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास परवानगी दिली. त्यानंतर थकलेले बाबा आनंदवनात परतले.

आता एक गोष्ट खास आमच्या पालकांसाठी, कारण ती इंदुरातच घडू शकते. मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग, ज्याला हिंदीत सफेद दाग म्हणतात. हिंदीत कोढ़ म्हणजे महारोग. उच्चार जवळजवळ सारखा. घरात आजी मराठीत कोड म्हणते, शेजारी हिंदीत कोढ़ ऐकतात, आणि एका मुलाचे खेळणे बंद होते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मुलीच्या हातावर पांढरे डाग दिसू लागले तेव्हा दोन पालकांनी तिची जागा बदलावी असा अर्ज दिला होता. जागा बदलली नाही. त्या पालकांना बोलावून आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात, डाग दुधासारखा पांढरा होतो, पण तेथे स्पर्श, गरम, थंड सर्व कळते. तो संसर्गाने होत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा पूर्ण पांढरा नसतो, फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा बधिर असतो. शास्त्राची गंमत अशी की रंग देणाऱ्या काही पेशी मुळात श्वान पेशींच्या पूर्वजांपासूनच, मज्जातंतूंच्या वाटेने त्वचेत पोहोचतात, असे २००९ साली दिसून आले. म्हणजे दोघी एकाच घराण्यातल्या. पण आजार वेगळे. आणि खरा कुष्ठरोग असला तरी त्यासाठी बहुविध औषधांचा सहा किंवा बारा महिन्यांचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. औषध सुरू होताच थोड्याच काळात रुग्णापासून लागण होण्याचे थांबते.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात गेले. रक्ताचा कर्करोग झाला होता, वय त्र्याण्णव. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना आनंदवनाच्याच मातीत पुरले. साधनाताई ९ जुलै २०११ रोजी गेल्या.

भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले, ते बाबांनी पाहिले. मात्र त्यानंतरही देशात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत आले आहेत, आणि त्यात मुलेही असतात. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी कायदा संसदेने २०१६ मध्ये रद्द केला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येई, ती तरतूद निघाली २०१९ च्या फेब्रुवारीत. तेव्हा बाबा असते तर एकशे चार वर्षांचे असते.

विद्यालयाची वार्षिक आरोग्य तपासणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. या वेळी डॉक्टर डोळे आणि दातांबरोबर त्वचाही पाहणार आहेत. एखाद्या डागावर ते कापसाचा बोळा फिरवतील आणि मुलाला डोळे मिटून, लागते तेथे बोट ठेवायला सांगतील. पालकांनी मुलांना त्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा गणवेश घालून पाठवावे.